अळिवाची रांगोळी

आल्मेरे, नेदरलँड्स, रविवार

कुमुदमावशी गं,

ऐक तर खरं! आई जाते त्या डिमेन्शियावाल्यांच्या बागेत गेल्या रविवारी सगळ्यांनी अळिवाचं बी सरळ ओळीत पेरलं. आई मात्र चिमटीतून हवं तिथे सोडत होती. मीच ओशाळले. आणि आज बघते तर मातीतून रांगोळी उगवलीय! हिरवंगार कमळ, पाकळ्यांसकट! बाग शिकवणारी आंके तर फोटो काढत सुटली.

मी ओरडलेच, "आई, तू काढलंस हे!"

"छे, आपल्या कुमुदनं. तिचीच रेघ अशी जाड पडते. सांग तिला."

गेल्या वर्षी तू गेलीस, हे मी तिला पुन्हा सांगणार नाही. निरोप तेवढा पोचवते. मावशी, रेघ जरा बारीक सोड गं!

तुझी,
प्रांजली