ठोकलं आणि पळाले

सोमवार, ३ मार्च

ठोकलं आणि पळाले! तळमजल्यावरच्या बाईंचं दार. तीन टकटक, आणि धूम जिन्याखाली, पाण्याच्या पिंपामागे.

बिल्डिंगमधलं एकही दार मी सोडलेलं नाही. शिंपीणकाकू शिव्या घालतात, वरचे मास्तर काठी घेऊन बाहेर येतात — मजा येते. फक्त बाईंचं दार राहिलं होतं. त्यांनी मला शाळेत गणितात दोनदा नापास केलंय आणि रिटायर झाल्या तरी नजर तीच आहे. पण आज हात शिवशिवत होते.

दार उघडलं. मी तोंड दाबून बसले. आता सुरू होणार!

काहीच नाही. मग बाई हळूच म्हणाल्या, "प्रभू, तू आहेस का?"

थट्टेत नाही हं. कुणी येणार म्हणून सकाळपासून वाट बघत बसलेलं माणूस बोलतं ना, तसं.

गुरुवार, ६ मार्च

परत केलं. करायला नको होतं. पण सोमवारी ऐकलं ते खरंच ऐकलं का, बघायचं होतं. त्यात पिंपामागे शिंक आली! बाहीत तोंड कोंबलं.

फटीतून बाईंचे पाय दिसत होते. कितीतरी वेळ उंबऱ्यात उभ्या. म्हणाल्या, "ये ना. उघडंच आहे."

आता बास. हे दार यादीतून बाद.

शुक्रवार, ७ मार्च

आमचं कुलूप-किल्लीचं दुकान. एका कारखान्याची तिजोरी अडकली होती. पहाटेच बाबांबरोबर गावाबाहेर गेले, अंधार पडल्यावर आलो. हात ग्रीसने काळे. लिहायला काही नाही.

रविवार, ९ मार्च

बाईंचा वर्ग. दर रविवारी दुपारी त्यांच्या बाहेरच्या खोलीत दहाबारा माणसं जमतात आणि बायबलचं शेवटचं पुस्तक वाचतात — जगाचा शेवट ज्यात आहे ते. मी जाते कारण बाबांचा हुकूम. बसते दाराजवळ, पळायला सोपं.

पुढे हजेरीवाले काका. कारखान्याच्या फाटकावर चाळीस वर्षं लोकांची हजेरी घेतली, आता प्रभूची घेतात. भिंतीवर त्यांचा लांबच लांब कागद — सात डोक्यांचं जनावर, सात शिक्के, सात कर्णे, खाली सगळीकडे वर्षं आणि दिवस. शेवटाच्या तीन तारखा काढून झाल्यात. तिन्ही दिवशी दूधवाला वेळेवर आला.

आज बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं, "या आठवड्यात माझं दार तीनदा वाजलं. उघडलं तर कुणी नाही."

तीनदा?? दोनदा! आणि या मला गणितात नापास करणार!

काका ताडकन उठले. "तीन ठोके! बाई, हे चिन्ह आहे. साडेतीन काळ वजा —"

"अहो, बसा. दिवस आणि घटका पुत्रालासुद्धा ठाऊक नाही, असं तो स्वतः सांगून गेलाय. तुम्हाला कुठल्या खात्यातून कळलं?"

सगळे हसले. काकाही हसले, पण वहीत "तीन ठोके" लिहिलंच.

मग बाईंनी एक जागा काढली. एक मंडळी असते, म्हणजे एका गावातली चर्चची माणसं, ना गरम ना थंड, कोमट. प्रभू त्यांना सांगतो की मी तुमच्या दाराशी उभा आहे, ठोकतोय. मी दारं ठोकण्यात आयुष्य घालवलंय, म्हणून माझं तिथेच लक्ष अडकलं. ठोकतोय — आणि उभा आहे! पळत नाही! याला हिंमत लागते. दार उघडलं की समोरचा तुमचं तोंड बघतो. उघडलं नाही तर तुम्ही तसेच उभे, येणारेजाणारे बघतायत. आणि हा देव असून तिथे उभा. अंगावर काटा आला. काटा येण्याची मला सवय नाही.

शेवटी बाई म्हणाल्या, "मी ठरवलंय. आजपासून दिवसा दाराला कडी नाही."

सोमवार, १० मार्च

बाबांनी ऐकलं आणि दुकानातून तडक बाईंकडे गेले. मी मागे.

"बाई, चांगलं कुलूप बसवून देतो. असं दार टाकून बसाल तर चोर येईल."

"प्रभू चोरासारखाच येणार म्हणालाय," बाई म्हणाल्या.

बाबा तसेच दुकानात परतले.

जेवताना मात्र म्हणाले, "चोर रात्री येतात, हे गोष्टीत. खरा चोर दुपारी येतो. दोन ते चार. बिल्डिंग रिकामी, म्हातारी माणसं झोपलेली. तीस वर्षं तुटलेली कुलपं बघतोय मी."

चोर आला तर दार मी उघडलं, असंच ना?

मंगळवार, ११ मार्च

एक ते चार दुकान बंद. एक ते चार मी जिन्यावर. समोर बाईंचं दार सताड उघडं, आतून घोरणं. मी आणि पहारा! कुणाला सांगितलं तर हसून मरतील.

शुक्रवार, १४ मार्च

बाईंनी पकडलं. "काय गं आगाऊ, इथे काय करतेस?"

"वारा खातेय."

"जिन्यात वारा? खा. खाताना हे वाच." हातात ते पुस्तक.

वाचलं. वेळ जात नव्हता म्हणून. आता लिहिताना हात थांबत नाहीये.

एक म्हातारा बेटावर कैदी आहे. वर बघतो तर आकाशात काय? दार! उघडं दार! आणि त्याआधी त्याला एकजण दिसतो — केस लोकरीसारखे पांढरे, पाय भट्टीतल्या पितळेसारखे. इकडे पितळेची किल्ली घासताना चार ठिणग्या उडाल्या तरी मी डोळे मिटते. म्हातारा मेल्यासारखा पडला, बरोबर आहे. तर तो हात ठेवतो आणि म्हणतो, घाबरू नकोस, मरणाच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत. मरणाला किल्ली असते! म्हणजे कुलूप असणार. म्हणजे उघडत असणार. आमच्या खिळ्यांवर चारशे किल्ल्या लटकतात, ही नाही.

पुढे शिक्के फुटतात. एक एक. घोडे, भूकंप, तारे गळतात. सातवा फुटला, आता काय धडाका होणार — तर स्वर्गात अर्धा तास शांतता. कुणी बोलत नाही. अर्धा तास!

मी करून बघितलं. आयुष्यात अर्धा तास गप्प बसले नाहीये, आई सांगते झोपेतही बडबडते. पहिली पाच मिनिटं जीव जातोय असं वाटलं. मग नळ ठिबकताना ऐकू आला. मग बाईंचा श्वास. मग माझं काळीज. मग असं वाटलं की मी एकटीच गप्प नाहीये, सगळा जिना गप्प आहे आणि कशाची तरी वाट बघतोय.

चार वाजले तरी उठवेना.

रविवार, १६ मार्च

शेवटचं शहर! शेवटी वरून एक शहर उतरतं. बारा वेशी, एकेक वेस एका मोत्याची. आणि त्या बंदच होत नाहीत. दिवसा नाही, आणि रात्र तिथे नाहीच.

मी वर्गात पहिल्यांदा हात वर केला. बाईंना वाटलं बाहेर जायचंय.

"बाई, कुलूप?"

"नाही."

"बारा वेशींना मिळून एकही?"

"एकही नाही गं."

घरी बाबांना सांगितलं, तिथे आपला धंदा बसणार. मला वाटलं हसतील. बाबांनी कानस खाली ठेवली. "मग तिथे मी दिवसभर करू काय?" खरंच विचारात पडले. जेवणानंतरही तेच.

काकांनी मात्र तीन ठोके दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत पोचवलेत.

बुधवार, १९ मार्च

काकांची चौथी तारीख आली. परवा, शुक्रवार. शिंपीणकाकू विचारतात, "शिवायला घेतलंय ते पुरं करू की राहू दे?"

शुक्रवार, २१ मार्च

जगाचा शेवट झाला नाही. माझा झाला.

अडीच वाजता मी जिन्यावर, तोंड पुस्तकात. वर बघते तर बाईंच्या दारातून एक माणूस हलक्या पावलांनी बाहेर येतोय, काखेत भिंतीवरचं घड्याळ! मी पाय आडवा घातला. तो सपशेल पडला. मी पाठीवर बसले. "चोर! चोर!"

"अगं ए, ऊठ! भाचा आहे मी!"

भाचाच होता. बाहेरगावचा. तीन ठोक्यांची गोष्ट त्याच्या कानावर गेली होती — म्हणे तुझी मावशी रिकाम्या दाराशी देवाशी बोलते. बघायला आला. दार उघडं. हाका मारल्या, बाई उठल्या नाहीत. घड्याळ उतरवून बाहेर आणलं तरी पत्ता नाही. मुद्दाम बघत होता.

"आणि तू इथे पहारा करतेस," मला म्हणाला. "म्हणजे तुलाही काळजी वाटतेच ना?"

मी खाली पडलेलं घड्याळ उचललं.

गलक्याने बाई उठून आल्या. घड्याळाची काच फुटलेली, काटे थांबलेले. बघून म्हणाल्या, "काय रे, काकांची तारीख खरी निघाली की काय?"

तो हसला नाही. डोळे भरले होते त्याचे. "मावशी, तुला भास होतात. दार उघडं टाकतेस. वृद्धाश्रमात जागा सांगून ठेवलीय मी. मंगळवारी न्यायला येतो."

बाई एवढंच म्हणाल्या, "दार वाजलं होतं रे."

रविवार, २३ मार्च

वर्ग झाला. बाईंच्या खोलीत दोन खोकी बांधलेली. काकांनी स्वतःचा कागद भिंतीवरून काढून गुंडाळला, गुंडाळताना नाक ओढत होते.

सांगितलं, तर बाईंचं डोकं ठिकाणावर आहे हे सिद्ध. दार खरंच वाजलं. पण मग दाराशी प्रभू नव्हता, पिंपामागे मी होते. नाही सांगितलं, तर प्रभू येऊन गेला — आणि बाई आश्रमात.

दोन्हीकडून बाईंचं काहीतरी जातंच. आणि नेणारी मीच.

मंगळवार, २५ मार्च

भाचा आला. बाई खुर्चीत, मांडीवर पिशवी. बाबा खोकी उचलायला, काका उगाच मध्ये मध्ये. दार उघडं होतं. तरी मी चौकटीवर ठोकलं. तीन टकटक.

आणि उभी राहिले. पाय जिन्याकडे ओढत होते. पण उभी राहिले.

सगळ्यांनी माझं तोंड बघितलं.

"ते दार मी ठोकत होते," म्हटलं. "ठोकून पळत होते. पिंपामागे. बाईंना भास होत नाहीत. त्यांचे कान चांगले आहेत, डोकं चांगलं आहे. वाईट मी आहे."

बाबांच्या हातातलं खोकं धपकन खाली. काका म्हणाले, "म्हणजे माझे तीन ठोके..." आणि खुर्ची शोधून बसले. भाचा आधी लाल झाला, मग मावशीकडे वळला.

"खरंच वाजलं होतं तर," तो म्हणाला.

"मी काय सांगत होते?"

"पण दार, मावशी?"

बाईंनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. "लावीन कडी. दुपारी झोपताना लावीन. मग राहू देशील?"

तो हो म्हणाला. बाबांनी तिथल्या तिथे नवी कडी बसवली. मी स्क्रू हातात देत होते. बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. बाबांनीही नाही.

बुधवार, २६ मार्च

दुपारी एक वाजता कडी लागली. जिन्यापर्यंत आवाज आला. मी तरी बसले होते. कशासाठी, माहीत नाही.

रविवार, ३० मार्च

वर्गानंतर बाईंनी थांबवलं.

"त्या सोमवारी तुझ्या चपला ऐकल्या मी. तरी म्हटलं, विचारून बघावं. गुरुवारी तू शिंकलीस. मला ठाऊक होतं गं. ये म्हटलं, तर आली नाहीस."

"मग दार कशाला उघडं ठेवलंत, बाई?"

"ते दुसऱ्या दिवसासाठी, शुक्रवारसाठी. भर दुपारी वाजलं. लगेच उघडलं, कुणी दिसलं नाही. पण कुणी पळालंही नाही."

घरी येऊन मागची पानं उलटली. सोमवार, मी. गुरुवार, मी. शुक्रवार — तिजोरी. गावाबाहेर.