तळ्याची ओढ

१ ऑक्टोबर
आले एकदाची! सामान अजून उघडलं नाही, पण टेबल तेवढं खिडकीपाशी सरकवून घेतलं. संशोधन केंद्र म्हणजे चार खोल्या, एक प्रयोगशाळा आणि मागे जाळीच्या दारापलीकडे तळं. माझी पीएच.डी.ची शिष्यवृत्ती दोघांच्या मार्गदर्शनाखाली आहे. इथले सर परिसंस्थेचे अभ्यासक, शहरातल्या विद्यापीठातल्या मॅडम उत्क्रांतीच्या. आई फोनवर म्हणाली, दोन घरचा पाहुणा उपाशी, जपून राहा गं. मी हसले. इथे उपाशी राहायची सोयच नाही. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशी ताट रिकामं होऊच देत नाहीत.

५ ऑक्टोबर
कामाला लागले. विषय नाकतोडे आणि त्यांच्या पोटात वाढणारा केसासारखा जंत. नाकतोड्याला पोहता येत नाही. तरी जंत पुरता वाढला की नाकतोडा पाणी शोधत जातो, उडी घेतो आणि बुडतो. जंत बाहेर पडून पाण्यात आपला संसार थाटतो. सर म्हणतात आधी तळ्याची मोजणी, मॅडम म्हणतात आधी जनुकं. दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही, आणि माझा मृदंग झालाय, दोन्हीकडून थापा.
आज चिमट्यात जंत तुटला. बोटावरच्या चिरेला लागला. स्पिरिट लावून टाकलं.

११ ऑक्टोबर
हल्ली तहान फार लागते. दुपारी डबा घेऊन तळ्यावरच बसते. पाय पाण्यात सोडले की डोकं कसं शांत होतं. मावशींना ते आवडत नाही. माझ्या आधीचा मुलगाही असाच बसायचा, म्हणाल्या. तो कुठे गेला विचारलं, तर पातेलं घासत राहिल्या. सरांना विचारलं. अर्धवट सोडून गेला, बाकी मॅडमना माहीत. मॅडमना विचारलं. तिथल्या मुलांची जबाबदारी सरांची.

१६ ऑक्टोबर
प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाशी बसले होते. पुढचं आठवतं ते पाणी, गळ्यापर्यंत. मलाही पोहता येत नाही. मावशींनी वेणीला धरून काठावर ओढलं.
"पोरी, त्यालाही मी असंच ओढलं होतं गं. दुसऱ्या वेळी पोचले नाही."

१७ ऑक्टोबर
सर त्यांच्या खोलीत, मॅडम शहरात; दोघांना एकदम फोनवर घेतलं आणि सगळं सांगितलं. पहिल्यांदाच ते भांडले नाहीत. सरांनी विचारलं, ओढ केव्हा वाटते, उन्हात की सावलीत? मॅडमनी विचारलं, पोटात काही हलतं का? डॉक्टरचं नाव कुणीच काढलं नाही. मॅडम म्हणाल्या, आहेस तिथेच राहा. सर म्हणाले, अगदी बरोबर.
मग दोन्हीकडून टाइप केल्याचा आवाज.

१९ ऑक्टोबर
मावशींनी जाळीच्या दाराला कुलूप लावलं. माझ्या दादाला फोनही त्यांनीच केला. सर म्हणाले, कुलूप काढा. मावशी म्हणाल्या, आधी मला कामावरून काढा.
पोटात सरकतंय. हळू. वेटोळं सुटल्यासारखं —
जाळीला तोंड लावून उभी होते. किती वेळ, कोण जाणे.

२० ऑक्टोबर
दादा आला. मला बघताच बॅग उचलून गाडीत टाकली. सर फाटकापर्यंत आले. अडवलं नाही. एवढंच विचारलं, रस्ता कोणता घेताय?

गाडीत आहे. तळं मागे पडलं. बरं वाटतंय, खरंच. दादा म्हणतो दुपारपर्यंत इस्पितळ. लहानपणीच्या गमती सांगतोय, मी हसतेय. पोट शांत —

शांत नाही. दबा धरून आहे.

हवा ओली झाली. पुढे काय, विचारलं. दादा म्हणाला, पूल. नदी काय भरलीय बघ, मन निवेल तुझं.

त्याला सांगायचं होतं, दारं लॉक कर, गाडी वळव. तोंडून निघालं, काच खाली घे ना. माझाच आवाज. लाडात. त्याने घेतली —

पाण्याचा वास. उजवा हात गुंतलेला राहावा म्हणून लिहितेय. लिहीतच राहायचं. डावा मांडीखाली दाबून ठेवला होता. आता तिथे नाही. तो दाराच्या