खाली सही: एक हितचिंतक

कार्तिक वद्य षष्ठी, रविवार
कोल्हापूर

वस्ताद,

तुम्हाला जाऊन बारा वर्षे झाली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, याबद्दल आधी माफी मागतो. तुम्ही होता तेव्हाही लिहिण्याचा प्रश्न आला नाही. तुम्हाला अक्षरओळख नव्हती. पत्र लिहिले असते तर ते वाचून दाखवायला मलाच मंगळवार पेठेत यावे लागले असते. आज लिहितो आहे, कारण काल तुमचा मुलगा माझ्याकडे आला होता आणि त्याने टाकलेले एक काम माझ्याच्याने होत नाही.

शनिवार म्हणून दप्तर लवकर सुटले होते. घरी आलो तर तो दारात उभा. फुटबॉलच्या सामन्यात गोलात उभा राहायचा तेव्हा दोन्ही हात अंगापासून जरा दूर धरायचा, तसाच अजून उभा राहतो. फक्त आता पोट सुटले आहे. काखेत तुमची हत्यारांची पेटी होती. "पंत, हाय का येळ?" म्हणाला. मी म्हणालो, ये की, बस. चहा टाकावा असे मनात आले, पण घरात दूध नव्हते. बायको गेल्यापासून दूध घेत नाही. एकट्यासाठी घेतलेले नासते.

त्याने पेटी माझ्यासमोर ठेवली आणि झाकण उघडले. आतल्या बाजूला तुम्ही खळीने चिकटवलेले ते वर्तमानपत्राचे कात्रण. पिवळे पडले आहे, एका कोपऱ्याला कसर लागली आहे, पण अक्षरे आहेत.

"पुढल्या रविवारी पलटणीसंगं सामना हाय," तो म्हणाला. "तालमीनं नवी खोली बांधलीया, ठाऊकच हाय तुमास्नी. तिथं अब्बांचा कागद भितीवर लावायचा म्हनतोय. पर अक्षर लई बारीक. तुमचं अक्षर म्हंजी मोत्याचा दाना. मोठं करून लिवून द्या, काचंत बसवतो."

मी विचारले, कुणी वाचले का हे?

"न्हाय. पोरं मागं लागल्याली, आमी वाचतो म्हनून. म्या म्हनलं, हात लावू नगासा. अब्बांनी पंतांशिवाय कुनाच्या हातात दिला न्हाय, म्या बी देनार न्हाय." मग तो हसला. "आनी वाचायचं काय त्यात? आमच्या घरात सगळ्यास्नी पाठ हाय." आणि माझ्या ओसरीवर बसून त्याने ते म्हणून दाखवले, एक शब्द इकडचा तिकडे न करता: 'त्या समयी मैदानाच्या कडेस एक वृद्ध वस्ताद स्तब्ध उभे होते. पराभव झाला असताही त्यांनी आपल्या गड्यांकडून प्रतिपक्षास सलामी देवविली. असा शिस्तीचा मनुष्य ज्या गावास लाभला ते गाव धन्य होय.'

वस्ताद, यातला एकही शब्द त्या कात्रणात नाही.

तुम्हाला आठवत असेल, पुण्याचे साप्ताहिक बुधवारी यायचे आणि मी ते रविवारपर्यंत घडी न मोडता ठेवायचो. रविवारी सकाळी मेहनत आटोपली की पोरे अंगाची माती पुसत आखाड्याच्या कडेला बसत, तुम्ही खांबाला टेकत आणि म्हणत, "हां पंत, सोडा तुमची आगगाडी." मी तासभर वाचायचो. पावसापाण्याचे वर्तमान, मुंबईचे भाव, लांबच्या लढाया, कोर्टातले खटले. तुम्हाला खटले आवडत. निकाल वाचायच्या आधी मला थांबवून तुम्ही आपला निकाल द्यायचा आणि मग म्हणायचे, "आता बघू सायब काय म्हनतोय." तो एक तास सोडला तर माझे त्या तालमीत काही काम नव्हते. मी जोर काढले नाहीत, चेंडूला पाय लावला नाही. बी.ए. झालेला दप्तरातला कारकून, आणि आमच्या गल्लीतले लोक म्हणत, याला तालमीत कशाला जावे लागते. कशाला, हे मलाही नीट सांगता आले नसते. क्लबात माणूस खेळण्यासाठी जातो असे खेळणाऱ्यांना वाटते. माझ्यासारखे पुष्कळ लोक 'आपण जिंकलो' हे वाक्य उच्चारता यावे म्हणून जातात. त्या 'आपण'मध्ये आपण खरोखर आहोत का, हे कुणाला विचारायचे धाडस मात्र होत नाही.

चेंडू मीच आणला होता, एवढे मात्र खरे. कॉलेजात निकामी म्हणून टाकलेला, शिवण गेलेला. तुम्ही महाराजांच्या पागेची खोगिरे शिवत होता. तुम्ही तो चेंडू मांडीवर घेतला, उसवला, पालथा केला, टाके बोटाने चाचपले आणि म्हणालात, "खोगिराचाच टाका हाय की ह्यो. सायबानं नवीन काय केलं?" चार दिवसांनी चेंडू माळावर उडत होता, आणि कुस्तीची पोरे त्याच्यामागे अशी धावत होती की जणू त्याला चीत करायचे आहे.

आता तो सामना. पलटणीच्या मैदानावर. हे मी रोजनिशीतही कधी नीट लिहिले नाही, म्हणून इथे क्रमाने लिहितो. समोरचे गडी बूट घालून आहेत, आपले अनवाणी. दोघांचाही गोल झालेला नाही आणि ऊन उतरले आहे. मी आपल्या गोलाच्या मागे दोरीला धरून उभा आहे. मी कॉलेजात इंग्रजी पुस्तकातून या खेळाचे नियम वाचलेले, म्हणून मला वाटते की मला दिसते ते कुणाला दिसत नाही. पलटणीचा एक गडी डावीकडून येतो आहे. मी ओरडतो, "पुढे ये! पुढे सरक!" तुमचा मुलगा ऐकत नाही. मी त्याचे नाव घेऊन पुन्हा ओरडतो. तो मान वळवून माझ्याकडे बघतो. तेवढ्यात चेंडू त्याच्या कमरेजवळून आत जातो आणि माझ्या पायाशी येऊन थांबतो.

आपण त्या एका गोलाने हरलो. खेळ संपल्यावर तुम्ही पोरांना ओळीत उभे केले, कुस्तीनंतर करतात तशी माती कपाळाला लावायला सांगितली आणि पलटणीच्या एकेका गड्याच्या हातात हात द्यायला लावला. मग माझ्याकडे आलात. रागावला नव्हता. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "पंत, तुमी कागद वाचायचं मानूस. तितं तोंड उघडा, आमी आयकतो. हितं गप ऱ्हावा." पोरे हसली. एक जण म्हणाला, "पंतांस्नी पलटणीत घ्या, गोल त्यांनीच केलाय." तुम्हीही हसलात आणि माझ्या पाठीवर हात ठेवलात. तो हात मी तेव्हा मोजला नाही, हसणे मोजले.

त्याच संध्याकाळी मी साप्ताहिकाच्या संपादकांना पत्र लिहिले. लिहिले की करवीरच्या संघास एक अक्षरशत्रू खोगीर शिवणारा शिकवितो. त्यास मल्लविद्या अवगत असेल, परंतु फुटबॉल हा बुद्धीचा खेळ आहे. लिहिले की ऐन वेळी गोलरक्षक भलतीकडे पाहत होता, आणि यात त्या मुलाचा नव्हे तर त्याच्या शिक्षकाचा दोष आहे. खाली सही केली: एक हितचिंतक. टपालात टाकले आणि दोन दिवसांनी पश्चात्ताप झाला. पुण्याला दुसरे पत्र लिहून छापू नका म्हणून कळवता आले असते. रोज लिहीन म्हटले. लिहिले नाही.

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी तालमीत मी घडी मोडली आणि तिसऱ्या पानावर ते होते. वस्ताद, आज खरे सांगायचे तर ते दिसल्याबरोबर पहिल्यांदा मला आनंद झाला. माझी वाक्ये पहिल्यांदाच छापून आली होती आणि एकही शब्द गाळलेला नव्हता. भीती त्यानंतर वाटली. मी पान उलटणार, एवढ्यात एका पोराने वरचे मोठे अक्षर ओळखले. त्याला तेवढीच चार अक्षरे येत होती. "करवीर हाय की ह्ये! आपलं आलंया!" सगळे जवळ सरकले. तुम्ही खांब सोडून पुढे झालात. मी तोंड उघडले, आणि जे कागदावर नव्हते ते वाचले.

तुम्ही म्हणालात, "परत वाचा." मी परत वाचले. तुम्ही डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवलात, पुन्हा बांधलात. मग रापी मागवलीत आणि तेवढा चौकोन चामडे कापावे तसा सरळ कापून घेतलात.

त्यानंतर कितीदा वाचायला लावलेत त्याचा हिशेब नाही. पाहुणा आला की पेटी उघडायची आणि मला बोलावणे. शिरोळहून तुमचे व्याही आले होते त्या दिवशी माझी चूक झाली. 'स्तब्ध'च्या जागी मी 'शांत' म्हणालो. तुम्ही हात वर केलात. "मागल्या खेपंला दुसरा शबूद हुता." मी म्हणालो, डोळे थकलेत, ओळ चुकली. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग व्याह्यांना म्हणालात, "छापल्यालं बी अधनंमधनं बदलतंय, पावनं," आणि हसलात. तुम्हाला कळले होते का, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्याबरोबर आहे. कळले असेल तर तुम्ही पुढेही, जाईपर्यंत, मला ते का वाचायला लावलेत? आणि कळले नसेल तर तुमच्या हसण्यात ते काय होते? घरी येऊन मी ती खोटी वाक्ये रोजनिशीत उतरवून पाठ केली. या वहीत सगळे खरे लिहायचे असा माझा नेम होता. तेवढे पान सोडून तो पाळला आहे.

आणि मग तुम्ही मला एक भेट दिलीत. चेंडूच्या उरलेल्या चामड्याची शिवलेली पिशवी, वर्तमानपत्राची घडी बरोबर मावेल अशी. "पावसात कागद भिजतोय तुमचा," एवढेच म्हणालात. ही वही आज त्याच पिशवीत असते. शिवण अजून एका ठिकाणीही सुटलेली नाही.

प्लेगच्या साली सगळे गाव माळावर झोपड्यांत राहायला गेले, तेव्हा तुमच्या मुलाने निरोप आणला होता: "अब्बा म्हनत्यात, एकदा येऊन वाचून जावा." मी गेलो नाही. आजारी माणसाच्या झोपडीत जाऊ नका असा हुकूम होता, आणि माझ्या घरी बायको होती. ही कारणे खरी आहेत. पण मला प्लेगची भीती वाटली की त्या कागदाची, हे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे आणि दर वेळी वेगळे उत्तर आले आहे. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. मुलाने आपल्या आठवणीतून तुम्हाला म्हणून दाखवले, असे काल त्याने सांगितले. शेवटी तुम्ही 'धन्य' या शब्दावर मान हलवलीत म्हणे.

महाराजांनी शाळा सक्तीची केल्यापासून तालमीतली निम्मी पोरे वाचू लागली आहेत. वर्तमानपत्र आले की चार हात पुढे होतात. मी अजून रविवारी जातो. कडेला बसतो. "पंत, वाचा" असे कुणी म्हणत नाही. गेल्या महिन्यात एका पोराने मलाच वाचून दाखवले, मोठ्याने, एकेक शब्द तोडून. मला ऐकू येत नाही असे त्याला वाटले असावे. मी शेवटपर्यंत ऐकले. सामन्यालाही जातो, गोलाच्या मागे मात्र उभा राहत नाही. दूर, चिंचेखाली उभा राहतो आणि तोंड उघडत नाही. तुमचे तेवढे ऐकले.

तर आज सकाळपासून माझ्यासमोर जाड कागद आहे, बोरू तासून ठेवला आहे. कात्रण मी ओल्या फडक्याने पेटीपासून सोडवून घेतले. तेही त्याच्याच परवानगीने. ते माझ्या हाताखाली आहे. चुलीत घातले तर त्याच्या घरी जे पाठ आहे तेच जगात उरेल. मी सुंदर अक्षरात लिहीन, ते काचेत बसेल, नवी पोरे ते वाचतील आणि त्यांना ते खरे वाटेल. आणि तुमच्याबद्दल ते खरेच आहे, असे मी दुपारपर्यंत स्वतःला समजावत होतो. सलामी तुम्ही दिलीत, मी बघितली. मग लबाडी कुठे राहिली? पण बोरू शाईत बुडवला आणि 'त्या समयी' एवढे दोन शब्द लिहून हात थांबला. त्या दोन शब्दांत तुम्ही नव्हता. मी होतो, पुन्हा एकदा स्वतःची सुटका करून घेत. चेंडू आत गेला तेव्हा तुमच्या मुलाने माझ्याकडे बघितले होते, हे त्याने आजवर एकदाही बोलून दाखवलेले नाही. बारा-तेरा वर्षे तो मनात समजत असेल की चूक त्याची होती, आणि बापाने ती सलामीखाली झाकली.

त्याला हे कळल्यावर तो मला तालमीची पायरी चढू देईल असे वाटत नाही. मग रविवारी सकाळी कुठे जायचे, हे मला ठाऊक नाही.

हे पत्र कुठे पाठवायचे, हाही प्रश्नच आहे. तुमच्या कबरीजवळ बसून वाचावे असे मघाशी मनात आले होते. पण मी तुम्हाला ते जसेच्या तसे वाचून दाखवीन याची मला खात्री नाही. म्हणून ते वहीतच राहू दे, तुमच्या पिशवीत.

उद्याचे काम: कात्रण त्याला परत देणे, आणि खालची सही कुणाची ते सांगणे.