चंद्रनगरीची अमानत

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

पोचले एकदाची! बदलीचा कागद हातात पडला तेव्हाच आठ दिवस रडून घेतलं होतं, त्यामुळे आज रडायला काही शिल्लक नव्हतं. पडेगावातलं हे दोन खोल्यांचं घर चांगलं उजेडाचं आहे. घरमालक नानासाहेब खालीच राहतात. आल्या आल्या त्यांनी पाणी यायच्या वेळा सांगितल्या, मग चहा पाजला, मग पुन्हा पाणी यायच्या वेळा सांगितल्या. शिवराज आणि सायली सामान लावून संध्याकाळच्या गाडीनं सांगलीला परत गेले. सायलीची चौथी संपेपर्यंत ती तिच्या बाबाकडेच राहणार. रोज सात वाजता फोन आलाच पाहिजे, असं तिनं मला बोट नाचवून बजावलंय.

कपडे अजून बॅगेतच आहेत, पण माझा खजिना कपाटात लागला. बंद पडलेल्या करमणूक-बागांची तिकिटं, पुठ्ठ्याच्या टोप्या, बिल्ले, डोळ्याला लावून आतला फोटो बघायचे प्लॅस्टिकचे कीचेन, आणि पाळण्यात बसून किंचाळणाऱ्या माणसांचे फोटोच फोटो. 'ही आमची प्रेरणा, परक्यांच्या सहलींचे फोटो जमवते,' अशी शिवराज माझी ओळख करून देतो. कुजकटपणे म्हणतो, पण खोटं नाही.

खरं सांगायचं तर बदलीचं गाव कळल्यावर रडता रडता एक गुदगुलीही झाली होती. इथं चंद्रनगरी होती! खुलताबादच्या रस्त्याला, घाट लागायच्या आधी. पंचवीस वर्षांपूर्वी बंद पडली. तिथं प्लायवूडचा एक मोठा चंद्र होता आणि येईल तो त्याच्यावर बसून फोटो काढून घ्यायचा. माझ्याकडे चंद्रनगरीचं तिकीट आहे, टोपी आहे, शिट्टीसुद्धा आहे. चंद्रावरचा फोटो तेवढा नाही. बारा वर्षं शोधतेय.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

बँकेतली माणसं बरी आहेत. माझ्या शेजारच्या टेबलावरची श्रेया तर पहिल्या दिवसापासून डबा उघडला की आधी माझ्यापुढे सरकवते. आज तिच्याकडून भलतीच बातमी लागली. चंद्रनगरीतले फोटोग्राफर हयात आहेत! चांदपाशा नाव, वय ऐंशीच्या आसपास, खुलताबादेत दर्ग्याजवळ मुलाचं दुकान आहे तिथंच बसलेले असतात. लोकांनी न नेलेले फोटो त्यांनी अजून पेटीत ठेवलेत म्हणे. श्रेया म्हणाली की ते कुणाला देत मात्र नाहीत. बघू! मला नाही म्हणणारा भंगारवाला अजून जन्मायचाय.

रविवार, ९ नोव्हेंबर

फोटो मिळाला. पण कसा मिळाला ते लिहिताना कान गरम झालेत.

चांदपाशांच्या सून नजमाबाईंनी पेटी बाहेर आणून दिली. दीड-दोनशे फोटो असतील, प्रत्येकाला टाचलेली चिठ्ठी. त्या काळी फोटो आठ दिवसांनी मिळायचा. लांबून आलेले लोक चिठ्ठी घेऊन जायचे आणि परत यायचेच नाहीत. मी पन्नास गोड गोष्टी बोलले, पण म्हातारबाबा ढिम्म. ही अमानत आहे, म्हणाले. ज्याची त्यालाच देणार. विकायची असती तर केव्हाच विकून मोकळा झालो असतो.

तेवढ्यात मला ती दिसली. सहा-सात वर्षांची मुलगी, लाल झगा, एक पाय दुमडून चंद्रावर बसलेली, दात पडलेलं हसू. एकही डाग नाही, कडा शाबूत. चिठ्ठीवर लिहिलं होतं : गोदावरी रामकिसन, लासूर स्टेशन, १९९२. माझ्याच वयाची. आणि मी बोलून गेले, "चाचा, ही मीच."

त्यांनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी हो म्हटलं. इतकी वर्षं कुठं होतीस, विचारलं, तर मी म्हटलं की सांगलीला वाढले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांना धार लागली. माझ्या डोक्यावरून हात फिरवत ते 'बच्ची मिल गई' असं सुनेला पुन्हा पुन्हा सांगत होते. मला वाटलं, वय झालंय, हळवे झालेत. मग त्यांच्या रिवाजाप्रमाणे फोटोच्या मागं मला लिहावं लागलं : हा फोटो माझा, मी घेऊन गेले. खाली सही केली, गोदावरी, आणि पडेगावचा पत्ता.

बँकेत दिवसभर मी लोकांच्या सह्या ताडून बघते, आणि आज स्वतः खोटी सही करून आले. फोटो कपाटात लावलाय. बघावंसं वाटत नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

हजेरीच्या मशीननं आज माझा अंगठा घेतला नाही. थंडीनं कातडी कोरडी पडली असेल. नानासाहेबांनी जिन्यात गाठून मला पाण्याच्या वेळा सांगितल्या, नव्या भाडेकरूला सांगतात तशा, अगदी पहिल्यापासून. मग मी कुठून आले तेही विचारलं. हसले, पण जिना चढताना हसू गेलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

मी काय करून बसले!

सकाळी दारात एक म्हातारी उभी. नऊवारी, हातात पिशवी, पिशवीत बाजरीच्या भाकरी आणि ठेचा. चांदपाशांनी पत्ता दिला होता. आवडाबाई, लासूर स्टेशनच्या. रामकिसन कधीच वारले. त्यांची गोदी त्या दिवशी चंद्रावरून उतरली आणि चंद्रनगरीतच हरवली, ती परत मिळालीच नाही. तेहतीस वर्षं. आणि मी एका फोटोसाठी—

म्हातारीनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. गाल, कपाळ, कान, सगळं चाचपून बघितलं. 'आलीस व्हय माय,' एवढंच म्हणाली. मग भाकरी मोडून मला घास भरवला. मला तेव्हाच सांगायला हवं होतं. तिच्या हातचा घास मी चावून गिळला आणि सांगू उद्या, असं स्वतःला सांगितलं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. सात वाजता सायलीचा फोन आला तर तिच्याशीही धड बोलवेना.

सोमवार, १७ नोव्हेंबर

श्रेयानं मला विचारलं की कुणाला भेटायचंय. मी थट्टा समजून हसले. ती हसली नाही. बाकड्यावर बसा म्हणाली, प्रेरणा मॅडम आज आल्या नाहीत, त्यांचं काम असेल तर उद्या या. मी माझं ओळखपत्र पुढं केलं. तिनं फोटो बघितला, मला बघितलं, आणि मॅडमचं कार्ड तुमच्याकडे कसं म्हणून रखवालदाराला हाक मारली.

मी पळाले. भर अकरा वाजता, चोरासारखी.

बुधवार, १९ नोव्हेंबर

सात वाजता सायलीला फोन लावला. तिनं विचारलं, कोण बोलतंय?

मी म्हटलं, अगं आई. ती घाबरली. बाबा, कुणीतरी बाई आईच्या फोनवरून बोलतेय, असं ओरडली. शिवराजनं फोन घेतला. मी आमच्या लग्नाची तारीख सांगितली, सायलीच्या गुडघ्यावरची खूण सांगितली. त्यानं विचारलं की माझी बायको कुठं आहे, तिला काय केलंत. सतरा वर्षांचा संसार, आणि तो मला अहो-जाहो करत होता. त्याचा आवाज रडका झाला होता.

तो उद्या निघतोय. मला शोधायला.

गुरुवार, २० नोव्हेंबर

फोटो घेऊन खुलताबादला गेले. चांदपाशांच्या पाया पडले, खोटं बोलले म्हटलं, हा परत घ्या. त्यांनी मला ओळखलं, पण गोदी म्हणूनच. ते ऐकूनच घेईनात. पेटीत एकदा रिकामी झालेली जागा भरत नाही, म्हणाले. ज्यानं माझं म्हणून नेलं, त्याच्यासोबत त्या फोटोतलं सगळंच जातं, मुलीचं हसू जातं आणि मुलीचं नशीबही.

नशीब म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. मला कळलं होतं. गोदीच्या नशिबात हरवणं होतं.

मागची सही खोडायला गेले. पेन फिरवलं तरी अक्षर तसंच. रबरानं, ब्लेडनं, पाण्यानं. तसंच.

शनिवार, २२ नोव्हेंबर

नानासाहेबांनी कुलूप बदललं. वरच्या मॅडम बेपत्ता आहेत, तुम्ही कोण, किल्ली कुठून आणली? चार माणसं जमली. अंगावरच्या कपड्यांनिशी खाली उतरले. पिशवीत फक्त ही वही आणि तो फोटो.

कुठं जाणार? ज्या एका दारात मला ओळखतात, तिथंच आले. लासूर स्टेशन. आवडाबाईंनी मला आत घेतलं. पाय धुवायला गरम पाणी दिलं.

नानासाहेब त्या माणसांना सांगत होते, मॅडमचे मिस्टर आलेत, उद्या बसस्टँडवर कागद चिकटवणार आहेत. समोरासमोर उभी राहिले तर ओळखेलच. सतरा वर्षं.

रविवार, २३ नोव्हेंबर

दुपारी बारा. सिडको बसस्टँड. खच्चून गर्दी.

तो खांबावर कागद चिकटवत होता. माझा फोटो, खाली 'हरवली आहे'. दाढी वाढलेली. सायली डिंकाची बाटली धरून उभी. तिच्या वेणीला रबर नव्हतं, कुणी नीट घातलीच नव्हती.

मी समोर गेले. अगदी हातभर. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि कागद पुढं केला. ताई, ह्यांना कुठं पाहिलंत का, म्हणाला.

मी सायलीचा हात धरला. तिनं हात सोडवून घेतला आणि बाबाच्या मागं गेली. मी ओरडले, मी आहे, मीच आहे! लोक बघायला लागले. शिवराज हात जोडून म्हणाला, लेकराला घाबरवू नका, आम्ही आधीच त्रासात आहोत.

चूक माझी. सायली काय म्हणून भोगतेय?

मंगळवार, २५ नोव्हेंबर

सांगितलं. सगळं. आवडाबाई ज्वारी निवडत होत्या. मी तुमची गोदी नाही म्हटलं. मी फोटोसाठी खोटं बोलले. त्या फोटोवर तुम्ही हक्क सांगा, ही माझी मुलगी नाही असं चांदपाशांना म्हणा, मला सोडवा. कपाळ टेकलं त्यांच्या पायावर.

त्यांनी सूप खाली ठेवलं. मला ठावं हाय, म्हणाल्या. पयल्या दिवशीच कळलं व्हतं. गोदीच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली होती. चाचपली तेव्हाच कळलं.

मग का—

त्यांनी सांगितलं, मान खाली घालून. त्या दिवशी चंद्रापाशी लाल झग्यातली एक पोर पदराला धरून रडत होती. कुणाची गं तू, जा तुझ्या आईकडं, असं म्हणून त्यांनी तिचा हात सोडवला. चेहरा बघूनही ओळखलं नाही. फाटकाबाहेर आल्यावर आठवलं की ती गोदी होती. परत धावल्या तर ती नव्हती, मग कित्येक वर्षं त्याच फाटकाशी वाट बघत बसल्या. का असं झालं ते आजवर कळलं नाही. तेहतीस वर्षं कुणालाच सांगितलं नाही, लाजेनं. तू स्वतःहून म्हणलीस ती मीच म्हणून, मग मी नाय कसं म्हणू? एकदा नाय म्हणून बसले व्हते.

आणि मग म्हणाल्या, सकाळी तुझा माणूस आला व्हता. पोरीला घेऊन, फोटो घेऊन, गावोगाव इचारत. तू हापशावर गेली व्हतीस.

मी विचारलं, काय सांगितलंत?

नाय पाह्यलं, म्हणलं.

बुधवार, २६ नोव्हेंबर

आज ते परत निघाले असतील—

मी रागावायला हवं. राग येत नाही. मीच आधी खोटं—

सायली, ही वही मी पोस्टात टाकणार आहे. सांगलीचा पत्ता आठवतोय तोवर. गल्ली आठवते, घराचा नंबर— बासष्ट? सव्वीस? तुझी आई हरवली नाही. तिनं परक्या लेकराचं नाव उचललं, कपाटात लावायला. मोठी झालीस की माझ्यावर चिडून घे, पण फाटकाशी वाट बघत बसू नकोस, आवडाबाई बसल्या तशी—

पेन नीट चालत नाही. सही करताना हात दुसरंच—

बाहेरून हाक आली. गोदे, भाकरी निवतीया. मी ओ दिली. आपोआप. लगेच.

सायली, खरं सांगते, इतक्या दिवसांनी कुणीतरी हाक मारली म्हणून मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. आणि त्याचीच मला ला—