दोन अंगरखे आणि एक गोधडी

प्रिय विहीणबाई,

काल सुखरूप पोचले. गाडीने हुआय नदी ओलांडली आणि मी पिशवीतून लोकरीचे मोजे काढले. नदीच्या या अंगाला घरं तापवायचे नळ कुणी घातलेच नाहीत. तुमच्याकडे उत्तरेत शनयांगला माणूस घरात शिरला की कपडे उतरवतो, आमच्याकडे घरात शिरला की एक आणखी चढवतो.

मुलांच्या लग्नात तुम्ही मला छेडलं होतं, "एवढ्याशा वाटीतला भात खाऊन तुमची माणसं जगतात कशी हो?" मीही ऐकून घेणारी नव्हे. म्हटलं, "आणि तुम्ही कोबी गाडीभर आणता तो माणसांसाठी की गुरांसाठी?" तेव्हापासून आपलं हे असंच. माझ्या यालानचं बाळंतपण इथे माहेरी करायचा मी हट्ट धरला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "त्या बर्फाच्या पेटीत माझा नातू?" मी पंधरा दिवस फोन केला नाही. मग मान्मान तीन आठवडे आधीच, तुमच्याकडेच जन्मला आणि तुम्हीच फोन केलात, "भांडण नंतर करू, आधी या."

मी आले ती दोन बॅगा भरून कापसाचे अंगरखे घेऊन, सगळे हाताने शिवलेले. त्या सकाळी तुम्ही बाजारात होतात, यालान झोपली होती. मान्मानचे हात मला गार लागले. मी त्याला दोन अंगरखे चढवले, वर टोपी, वर गोधडी. आमच्याकडे घरोघरी बाळांना असंच गुंडाळतात. तुमच्या घरात मी स्वतः घामाने भिजले होते, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. तुम्ही आलात तेव्हा पोर उकडलेल्या कोळंबीसारखं लाल झालं होतं आणि रडतही नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई सगळ्यांसमोर कडाडल्या, "कुणी गुंडाळलं याला? वाफवायला ठेवलं होतं की काय?" तुम्ही माझा हात दाबलात आणि म्हणालात, "मी. म्हातारपणी अक्कल गेली माझी."

संध्याकाळपर्यंत मान्मान दूध प्यायला लागला, पण यालानने त्याला तुमच्या मांडीवर दिलं नाही. मी भित्री, तुम्ही केलेले डंपलिंग गिळत गप्प बसले. स्वयंपाकघरात तुम्ही म्हणालात, "तिचा राग माझ्यावर राहिला तर मी इथेच आहे, रोज थोडा थोडा काढीन. तुमच्यावर राहिला तर तो घेऊन तुम्ही नदीपार जाल." विहीणबाई, सख्ख्या बहिणीनेही माझ्यासाठी एवढं केलं नसतं. तुमचे उपकार मी विसरणार नाही.

पण आज सकाळी यालानचा फोन आला. म्हणाली, "आई, मान्मानच्या शंभराव्या दिवसाच्या जेवणाला तू आधीच येऊन राहा. सासूबाईंच्या हाती बाळ सोपवायचा मला अजून धीर होत नाही." ते ऐकलं आणि मला बसवेना. फोनवर सांगायचा धीर नव्हता, म्हणून मी तिला सगळं खरं लिहून तासाभरात टपालात टाकलं. हे पत्र मुद्दाम उद्या टाकणार आहे, म्हणजे तिचं आधी पोचेल आणि तुम्हाला मध्ये पडता येणार नाही. ती माझ्यावर चिडेल, चिडू दे. तिने मान्मानला आणून तुमच्या मांडीवर ठेवलं की मला एवढंच कळवा. त्यानंतर तिने बोलावलं तर येईन, आणि या वेळी बॅगेत एकही गोधडी नसेल.

तुमचीच विहीण,
जू यिंगपिंग