तापी दोन्हीकडे वाहते

१६ एप्रिल १९९६, मंगळवार

बाबा आज दोन तास चिखलात. कयाकमध्ये, मांडी घालून, देवळात बसावं तसे! भोवती पाण्याचा थेंब नाही. ओहोटीनं पाणी गेलं, कयाक बसली. मी ओवाऱ्याच्या, म्हणजे नदीच्या घाटाच्या, पायऱ्यांवरून हाका मारल्या. त्यांनी हात हलवला. हसत होते की ओरडत होते, एवढ्या लांबून कळेना.

शेवटी कोळ्यांच्या माछीवाड्यातल्या मणिबेनचे दोन पुतणे फळीवर पोट टेकून चिखलातून सरकत गेले आणि दोर बांधून ओढून आणलं. मणिबेन मला म्हणाली, "तारा बापाने कहे बेन, आ नदी बे बाजु वहे छे."

ही नदी दोन्हीकडे वाहते, असं मी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "तापीले मी आज वयखस का? माले शिकाडस!"

ओळखतात, तेही खरं. शिरपूरकडच्या गावात आजोबा नाव चालवायचे, गळ टाकायचे. पण तिथली तापी एकाच दिशेनं जाते. इथे, समुद्राजवळ, ती दिवसातून दोनदा उलटी फिरते. बाबांनी तीस वर्षं बमरोलीच्या यंत्रमागावर काढली, नदी फक्त पुलावरून पाहिली. नाव तेच, म्हणून नदी तीच — हा त्यांचा हिशेब.

चूक माझीच. माग आठवड्यातून तीन दिवस बंद राहायला लागले. बाबा घरात बसून आईच्या प्रत्येक डब्याचं झाकण उघडून बघायचे. पुलाच्या सर्वेक्षणात नदीची खोली मोजायला घेतलेली कयाक आमच्या ऑफिसमागे पडून होती — एका माणसाची, फायबरची, दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. आमचे साहेब अविनाश सर म्हणाले, "घेऊन जा, धूळच खातेय." नेली.

१७ एप्रिल

बाबांनी भरतीला कयाक किनाऱ्यावरच्या खुंटाला बांधली — हातभर दोर ठेवून, गावाकडे बांधतात तशी. संध्याकाळी पाणी उतरलं आणि ती भिंतीवर नाकानं लटकली, वाळत घातलेल्या पायजम्यासारखी. माछीवाड्यातली सगळी पोरं जमली होती.

बाबा: "दोर चांगला निघना, नही?"

१८ एप्रिल

तक्ता करून दिला. बंदराचं भरतीचं छापील पुस्तक आमच्या ऑफिसात आहे. त्यातली वेळ मुखाजवळची. तिथून ओवाऱ्यापर्यंत पाणी चढायला सव्वा ते दीड तास लागतो. हे मी स्वतः मोजलंय, पाण्याची उंची दाखवणाऱ्या पट्टीवर, दोन महिने. शिवाय इथे भरती झटपट चढते, ओहोटी रेंगाळते. रकाने तीन: निघा, परत फिरा, किनाऱ्याला लागा. मोठ्या मराठी आकड्यांत.

बाबांनी कागद उलटसुलट पाहिला. "मासा काय घड्याय दखीसन येस का?"

मासा येत नाही, पाणी येतं. मी कागद त्यांच्या खिशात घातला.

२१ एप्रिल, रविवार

चार दिवसांत एकदाही अडकले नाहीत. तक्ता खिशात. वेळेच्या पाच मिनिटं आधी पायऱ्यांना लागतात.

मासा मात्र नाही. उन्हाळ्यात इथे असंच, मणिबेन म्हणते. माछी लोकांची जाळीसुद्धा रिकामी. बाबा अजून गळाला हिंग घातलेल्या कणकेच्या गोळ्या लावतात, गोड्या पाण्यातल्यासारख्या. मणिबेननं पुढ्यात मूठभर झिंगे ठेवले — ते घरी आणून कणकेत मळले! घरभर वास. आई म्हणाली, "सुषमा, तुन्हा बापले सांग, मन्हं पीठ माशाले नही शे."

२४ एप्रिल

भावनगरचं पत्र आलं. भरती मोजणाऱ्या केंद्रावर तांत्रिक सहायक. माझी निवड झाली आहे. होकार २० मेपर्यंत पोचला पाहिजे, हजर १ जूनला. राहायला क्वार्टर. फेब्रुवारीत मुलाखत दिली ती घरी सांगितली नव्हती.

पोस्टमनकडून पाकीट बाबांनीच घेतलं. इंग्रजी छपाई. "काय शे?"

"ऑफिसचं."

कपाटात, ड्रॉइंगच्या गुंडाळ्यांमागे ठेवलंय. आताच सांगायचं नाही. बाबा पाण्यावर नीट रुळले की सांगेन. त्यांना असं सोडून जाता येणार नाही — आई नदीकडे फिरकतसुद्धा नाही. अजून आठ-दहा दिवस पुरेत.

२७ एप्रिल

पुन्हा चिखल! तक्त्यात "दोनला परत फिरा" असं स्पष्ट लिहिलेलं. तीनला मी पट्टी वाचायला गेले तर बाबा पलीकडच्या अडाजणच्या बाजूला, चिखलात रुतलेले. तक्ता कुठे? त्यात तंबाखू बांधलेली.

"डोया लागी गया."

कयाकमध्ये झोप! वर लाइफ-जॅकेट अंगात नाही, बुडाखाली उशी म्हणून.

१ मे

चिखल. आज सुट्टी, म्हणून मी स्वतः पायऱ्यांवर बसले होते. चारला शिट्टी वाजवली. माग ऐकून ऐकून बाबांचे कान गेलेत हे खरं, पण पुतण्यांना ऐकू येते तेवढी शिट्टी त्यांना ऐकू आली नाही, हे काही पटत नाही. दहा मिनिटं मी हात हलवत होते. तेही हलवत होते. पाणी गेलं.

४ मे

चिखल. पौर्णिमेची ओहोटी, वल्हंही गेलं वाहत, पुतण्यांनी शोधून आणलं. पुतणे आता फळी आणायच्या आधी चहा पितात, मला विचारतात, आज काका कुठे बसलेत: "बेन, काका आजे क्यां बेठा?"

५ मे, रविवार

बाबांना समोर बसवून शिकवलं. पाटीवर चंद्र काढला, पृथ्वी काढली. अमावास्या-पौर्णिमेला भरती मोठी, अष्टमीला लहान, रोज पाऊण तासाहून थोडी जास्त उशिरा. तीन वेळा. त्यांनी तीन वेळा मान डोलवली.

मग विचारलं, "समजा आज तीनला भरती, तर उद्या?"

बराच विचार करून: "उद्या सोमवार."

आई हसून हसून पोळपाटावर वाकली. मी पाटी पुसली आणि उठले. ऑफिसातल्या नव्या पोरांना पट्टी वाचायला दोन दिवसांत शिकवते मी. हा माणूस तीस वर्षं आठ-आठ माग एकट्यानं सांभाळत होता, धागा तुटल्याचं आवाजावरून सांगायचा. याला एक बेरीज येत नाही?

९ मे

चिखल. शिवाय आज जेवताना, माझ्याकडे न बघता, आईला: "सुषमा व्हती म्हनीसन वाचनू. नहीतं पोरं ओढीसन काढतीन का?"

आई लगेच माझ्याकडे वळली. "माय, तू सोबत ऱ्हाय त्याच्या. तुले दखीसन तरी घाबरस."

मला बघून घाबरतात! भावनगरचं पत्र अकरा दिवस कपाटात आहे — चुकलं, पंधरा. मी आकडे चुकवायला लागले आहे.

१२ मे, रविवार

आज पहिला मासा. शिंगाळा, वीतभर. बाबांनी तो पाटीवर ठेवून मला बोलावलं, मोजायला लावला. साडेसतरा सेंटिमीटर. "लिखी ठेव तुन्हा तक्तामा."

सत्तावीस दिवसांत एक. आईनं कालवण केलं, तिघांत पुरलं नाही. तरी बाबा उठून दारात जाऊन बसले, आल्यागेल्याला सांगत. गोडादऱ्यातल्या आमच्या निम्म्या गल्लीला ठाऊक आहे आज आमच्याकडे काय शिजलं.

सांगायला हीच वेळ बरी होती. नाही सांगितलं. ते इतके खूश होते.

१५ मे

चिखल. पहिला धरून सहावा. मी लुना उभी केली, चप्पल काढली आणि स्वतः गेले, मांडीपर्यंत. फळीवर सरकायला जमलं नाही, पडले. सलवार, घड्याळ, सगळं काळं. बाबांपर्यंत पोचले तेव्हा भयंकर चिडले होते.

ते खाली वाकून म्हणाले, "काबरं उनी तू? पोरं येतच व्हतीत."

"तुम्ही मुद्दाम करता का हो बाबा?"

बाबांनी माझ्या हाताला धरून उभं केलं आणि वल्ह्याच्या पात्यानं माझ्या पायांवरचा चिखल खरवडला.

१७ मे

उद्याची ओळ उतरवून दिली, जेवणाआधी, घाईत. दुपारी दोन-चाळीसला पाणी चढू लागेल, आठपर्यंत चढेल. चारला निघा, पाणी वर नेईल. आठच्या आत परत. कागद चहाच्या कपाखाली ठेवला. बाबांनी पाहिला, माझ्याकडे पाहिलं.

होकाराला तीन दिवस. नाही म्हणून कळवावं. कारण खरंच आहे: घरची अडचण.

१८ मे, शनिवार

क्रमानं लिहिते.

साडेचारला अविनाश सर टेबलाशी आले. "भावनगरला काय कळवलंस? वडील तर म्हणाले, ती नाही जायची."

मी विचारलं, वडील कधी भेटले?

"झाले की तीन आठवडे. कयाक परत हवी का विचारायला आले होते. मला वाटलं तू सांगितलं असशील, मी अभिनंदन केलं! चहासुद्धा घेतला नाही त्यांनी."

सर गेले. मी काय करावं ते न सुचून भरतीचं पुस्तक उघडलं, उगाच, हाताला काम म्हणून. आजच्या तारखेवर बोट ठेवलं. काल दिलेली वेळ तिथे नव्हती. ती दहा ओळी वर होती. ८ मे. मी अठराऐवजी आठची ओळ उतरवली होती. काल अमावास्या झाली. आज भरती सव्वाचारलाच पुरी होणार होती. मी बाबांना लिहून दिलं होतं: चारला निघा, पाणी वर नेईल. सव्वाचारनंतर या महिन्यातली सगळ्यात जोराची ओहोटी. ती वर नेत नाही. ती थेट समुद्रावर नेते.

लुना कशी चालवली आठवत नाही. वाटेत पुलावरून खाली पाहिलं — पाणी धावत होतं, झाडाची फांदी एखाद्या रिक्षाच्या वेगानं गेली. कयाक नाही. कुठेच नाही.

ओवाऱ्यावर पोचले तर बाबा सगळ्यात वरच्या पायरीवर. कोरडे. कयाक शेजारी, उलटी, चांगली उंचावर ओढून ठेवलेली. दोर लांब सोडलेला. मणिबेनशी गप्पा चालल्या होत्या.

बाबांनी खिशातून माझा कागद काढला.

"आज तुन्हा कागद चुकना, माय. या टायमले ओट लागस, कालदी आवस व्हती. माले समुद्रमा धाडस का काय?"

मणिबेन हसायला लागली. "एनो कागळ? अमे तो एने पूछीने जाळ नाखीए! पंदर दिवसथी. लोटूभाई कहे एटले पाणी एज टाइमे फरे." लोटूभाई म्हणजे बाबा: पंधरा दिवस माछी लोक त्यांना विचारून जाळी टाकतायत!

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती जाळ्याची गाठ सोडवू लागली, जी सुटलेलीच होती.

मी म्हटलं, "मग नंतर पाच वेळा चिखलात कशाला?"

बाबा पाण्याकडे बघत म्हणाले, "तू येस ना काढाले."

बाबा लुनावर माझ्या मागे बसून घरी आले. एकदा फक्त, गतिरोधकावर, त्यांनी माझा खांदा धरला आणि सोडला.

१९ मे, रविवार

रागावायचं ठरवून पहाटे उठले. जमलं नाही. पाच तारखेला बाबांचा हिशेब चुकला तेव्हाच मला कळायला हवं होतं. ज्याला धाग्याचा आवाज कळतो त्याला पाण्याची वेळ कळते. कळत होतं मला. मी त्यांना काढायला जातच राहिले, कारण बाबा चिखलात असले की भावनगरला जायला लागत नव्हतं.

होकाराची तार उद्या सकाळी. आता कारण उरलं नाही.