डोलकाठीवरचा माणूस

बाबा, तो माणूस डोलकाठीवरून जिवंत उतरलाच नव्हता. तुम्ही मला अर्धीच गोष्ट सांगितलीत.

शाळेत तोंड उघडायला मी घाबरायचे, तेव्हा तुम्ही, इतिहासाचे मास्तर, स्वयंपाकघरात मटार सोलता सोलता ती लढाई सांगायचात. स्पेनच्या राजाविरुद्ध उठलेले डच, त्यांची लहानशी गलबतं, समोर राजाच्या सरदाराचं भलंमोठं जहाज. गुळाच्या ढेपेला मुंगळे चिकटावेत तशी गलबतं त्याला चिकटतात, जहाज उथळ पाण्यात रुततं, आणि एक साधा खलाशी डोलकाठीवर चढून शत्रूचा झेंडा उतरवतो. तुम्ही लाटणं उभं धरता, त्यावरचं फडकं ओढून काढता आणि म्हणता, "आधी एकानं चढावं लागतं. मग बाकीचे आपोआप येतात." आई ओरडते, "अहो, धुतलेलं फडकं आहे ते!"

मी चढले, बाबा. इथे जपानात, तोयोसुच्या ऑफिसात आमच्या टीमला शनिवारीही राबवायचे आणि तो दिवस पगारात धरायचेच नाहीत. आपली पुण्या-मुंबईची मंडळी जेवताना तावातावाने बोलायची. "तू फक्त पॉइंट मांड गं, आम्ही लगेच सपोर्ट करतो." इथे मीटिंगमध्ये नवं काही काढायचं नसतं, जे ठरायचं ते आधीच एकेकाच्या टेबलाशी जाऊन हळू आवाजात ठरलेलं असतं. हे ठाऊक असूनही मी उभी राहिले, तुमच्या त्या लाटण्याच्या भरवशावर. बोलून मागे पाहिलं तर सगळे लॅपटॉपमध्ये तोंड खुपसून बसलेले. साहेब नुसते "नारुहोदो" म्हणाले, म्हणजे "असं होय". पुढे कंत्राट वाढवलं नाही ते माझं एकटीचं.

शेवटच्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या डच सहकाऱ्याला मी ती गोष्ट सांगितली, स्वतःची समजूत घालायला. तो त्याच किनाऱ्यावरचा निघाला. "झेंडा काढला खरा," तो म्हणाला, "पण तिथंच त्याला खालून गोळी लागली. आमच्याकडे शाळेतली मुलंही सांगतील. लढाई आम्ही जिंकलो, पण ते त्यानं पाहिलं नाही." घरी येऊन आईला फोन लावला. तुम्हाला हे माहीत नव्हतं, एवढंच तिच्याकडून ऐकायचं होतं. ती सहज म्हणाली, "माहीत होतं की. मी म्हटलं होतं, पुढचंही सांगा तिला. तर म्हणाले, सांगितलं तर चढायची नाही ती." टीमवर मी चिडले, पण ते परकेच. तुम्ही मात्र केसानं गळा कापलात.

परवा लेकीनं विचारलं. उरायासुच्या तिच्या शाळेत सगळी मुलं शाळेचंच जेवण जेवतात. एक मैत्रीण तेवढी शाकाहारी म्हणून घरचा डबा आणते, आणि वर्ग तिला वास येतो म्हणून चिडवतो. "आई, मी उभी राहून बोलू?" मी तिला तुमची गोष्ट सांगितली, पूर्ण, गोळीसकट. ती जपानीत म्हणाली, "जाऽ, यामेरु," म्हणजे "मग राहू दे". ती बोलली नाही. मैत्रिणीनं डबा न उघडताच घरी नेला, हेही तिनंच येऊन सांगितलं.

यावर तुम्ही काय म्हणाला असतात ते मला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र कुठे धाडता येत नाही तेच बरं. मला हायसं वाटलं, बाबा. माझी पोर खालीच राहिली, सुखरूप. आता स्टेशनवर त्या मैत्रिणीची आई समोरून आली, की मी मोबाइलमध्ये तोंड खुपसते.